एक रीतसर हरकत

पगार घेणारा माणूस कधी ना कधी 'जाऊ दे ना' म्हणतो. पाच वाजतात, चहा येतो, साहेब रजेवर जातात, काहीतरी होतं आणि तो हातातली फाईल पुढे सरकवून मोकळा होतो. फुकट काम करणारा माणूस 'जाऊ दे' कधीच म्हणत नाही. त्याच्यापाशी तत्त्वं असतात. हे मी कोणाला नावं ठेवायला सांगत नाही. त्या दिवसांत मीही फुकट काम करत होतो, आणि तत्त्वांच्या बाबतीत मी कोणाला हार जाणारा नव्हतो.

सुरुवात अगदी किरकोळ होती. माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहतो. त्याला दिसत नाही. नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. तो विषय त्याला आवडत नाही, तेव्हा इथेही नको. धाकटा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. त्याच्या कॉम्प्युटरात एक बाई आहे, म्हणजे बाईचा आवाज. पडद्यावर जे उमटेल ते ती त्याच्या कानात वाचून दाखवते, आणि तेही इतक्या भराभर की ऐकणाऱ्याला वाटावं स्वयंपाकघरात मिक्सर लागलाय. धाकट्याला मात्र शब्दन्शब्द कळतो. मी जरा सविस्तर बोलायला लागलो की तो म्हणतो, "दादा, तुझा वेग वाढवायचं बटण कुठे असतं रे?"

तर या धाकट्याला नोकरी लागली. घरपोच पार्सलं पोचवणारी कंपनी होती आणि तिथे पत्ते तपासणारे प्रोग्रॅम लिहायचे होते. नोकरी पक्की नव्हती. आधी चाचणीचा काळ, काम बघून मग साहेब ठरवणार. आता हे प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहायचे, ती भाषा कोणत्याच कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातले हौशी लोक मिळून ती बनवतात, सुधारतात आणि फुकट वाटतात. कोणीही यावं, आत डोकवावं, बदल सुचवावा. ऐकायला किती छान वाटतं! मलाही वाटलं होतं.

धाकट्याची अडचण अशी की प्रोग्रॅममध्ये चूक झाली की ही भाषा ती चुकलेली ओळ पुन्हा छापते आणि जिथे चुकलंय त्या शब्दाखाली बारक्या बाणांची रांग काढते. डोळस माणसाला एका नजरेत कळतं. पण कानातली बाई पडली इमानी. ती वाचते, "मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा, बाण, बाण, बाण, बाण." मग धाकट्याने मोकळ्या जागा बोटांवर मोजायच्या, वरच्या ओळीत तेवढी अक्षरं मोजायची, की मग शब्द सापडणार. तोवर पलीकडच्या टेबलावरचा गडी चूक दुरुस्त करून चहा पिऊन परत आलेला असायचा.

"दादा, तू या कामात आयुष्य काढलंस," धाकटा म्हणाला. "एवढं एक बघ ना. बाण नकोत. चूक कुठे आहे ते एका वाक्यात सांगितलं की झालं. नाहीतर हे लोक मला ठेवायचे नाहीत."

मी एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. तिथे मला कोणी काही बघायला सांगत नाही. झालेलं दाखवतात आणि सही मागतात. त्यामुळे 'तू बघ ना' हे शब्द कानाला फार गोड लागले. "एका दुपारचं काम," मी म्हणालो. दुर्दैव असं की ते खरंच एका दुपारचं काम निघालं.

रविवारी जेवण झाल्यावर बसलो आणि संध्याकाळच्या चहाला उठलो. भाषेला एक खटका जोडला. खटका लावला की बाण गायब, आणि त्याऐवजी वाक्य: 'चौदाव्या ओळीत "दर" या शब्दापाशी चूक आहे, हा शब्द आधी कुठे आलेला नाही.' धाकट्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग मुद्दाम चार चुका करून चारही वाक्यं ऐकली. "अरे!" एवढंच म्हणाला. बायकोने कौतुकाने माझ्याकडे बघितलं. ती परिचारिका आहे, कौतुकाने बघणं तिच्या कामात बसत नाही.

पण कंपनीच्या सुरक्षा विभागाने हात वर केले. घरून आणलेली कुठलीही वस्तू कंपनीच्या कॉम्प्युटरवर चढवायची नाही. भाषेच्या अधिकृत आवृत्तीत जे असेल तेच चालेल. साहेब भले होते. ते धाकट्याला म्हणाले, "नवी आवृत्ती लवकरच येतेय ना? त्यात तुझं ते वाक्य आलं तर मग तुझा वेग बघू. तोपर्यंत मी तुझा निर्णय थांबवतो." म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला की माझा खटका नव्या आवृत्तीत घालायचा. मी म्हटलं, देऊ पाठवून.

दिला पाठवून. मी खुर्चीतून उठायच्या आत उत्तर! तिथे दारावर एक पहारेकरी आहे. माणूस नाही, प्रोग्रॅमच. त्याने लिहिलं होतं, 'आपल्या पहिल्यावहिल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! आपला बदल नाकारण्यात येत आहे.' कारणं खाली होती. आधी अडचण मांडायची, मग प्रस्ताव मांडायचा, मग बदल पाठवायचा. मी एकदम बदलच पाठवला होता. शिवाय माझ्या कामावर माझ्या ऑफिसचा हक्क नाही असं ऑफिसचं पत्र हवं होतं.

आमच्या आस्थापना विभागातले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून माझा अर्ज वाचत होते.

"हे काम करता कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी असं लिहून चालत नाही. मोबदला?"

"काही नाही."

"मग हा जोडधंदा नाही. छंद झाला. छंदाला आम्ही परवानगी देत नाही."

"का?"

"लागत नाही म्हणून. आणि जी लागत नाही ती देता येत नाही."

"अहो, पण मला पत्र हवंय!"

"मग छंद म्हणू नका," ते म्हणाले आणि चष्मा खाली घेऊन दुसऱ्या कामाला लागले.

त्यांच्या विभागाचा जिना मी तीन वेळा चढलो आणि तीन वेळा उतरलो. शेवटी पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'सदर कर्मचाऱ्याने कार्यालयाबाहेर केलेल्या कोणत्याही कामात कार्यालयास रस नाही.' इतकं खरं पत्र माझ्या ऑफिसने मला आजवर दिलेलं नाही.

समोरच्या घरात एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. त्यांनी पत्र उजेडात धरून वाचलं आणि म्हणाले, "प्रत कोणाकोणाला दिली?"

"कोणालाच नाही, काका."

"तिथेच चुकलात. ज्या कागदाची प्रत जात नाही त्याला कोणी घाबरत नाही." कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण त्या दिवसापासून ते माझे सल्लागार झाले. रोज संध्याकाळी चपला घालून यायचे आणि विचारायचे, "काय, घोडं कुठे अडलंय?"

घोडं नावावर अडलं होतं. प्रस्ताव मांडल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांनी आनंद व्यक्त केला. 'किती आवश्यक!' 'हे आधी का नव्हतं?' अंगठे आले, टाळ्या आल्या, हृदयं आली. मी धाकट्याला वाचून दाखवलं. मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, 'या खटक्याचं नाव काय?' मी सुचवलं, 'साधं'. लगेच एकाने लिहिलं, 'साधं म्हटलं तर बाकीचं क्लिष्ट आहे असा अर्थ निघतो.' 'बाण नकोत' असं नाव दुसऱ्याने सुचवलं. नावात नकार नसावा, असं तिसरा म्हणाला. चौथ्याचं म्हणणं, मुळात खटका हवाच कशाला, सगळ्यांनाच वाक्य दाखवा. पाचव्याला त्या बाणांचा लळा होता. त्यानेच ते लिहिले होते, तरुणपणी. मी जो खटका लिहिला होता तो एकानेही उघडून बघितला नव्हता. नावाबद्दल मात्र जो उठला तो बोलत होता.

यात आणखी एक मेख होती. मी सकाळी लिहायचो तेव्हा निम्मे लोक झोपलेले. ते उठून उत्तर देणार तेव्हा मी ऑफिसात. एका 'बरं' ला एक अख्खा दिवस जायचा. आणि हे लोक भांडतही नाहीत हो! भांडले असते तर काहीतरी लवकर मिटलं असतं. सगळे एकमेकांचे आभार मानत अडवणूक करतात. 'तुमच्या मताचा पूर्ण आदर राखून' असं वाक्य दिसलं की आणखी एक आठवडा गेला असं मी धरून चालायला लागलो.

बायको डबा भरता भरता म्हणाली, "आमच्याकडे पेशंटला सुई द्यायच्या आधी कोणी मतं मागवत नाही."

"तुमच्याकडे डॉक्टर असतो. इथे कोणी डॉक्टर नाही. इथे सगळे समान."

"मग पेशंट कोण?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुला त्यातलं कळायचं नाही.

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. दर आठवड्याला पडद्यावर बैठक व्हायची, आमच्याकडे भल्या सकाळी. मी वर इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो, खाली पायजमाच. बैठक एक मॅडम चालवायच्या. कुठल्यातरी विद्यापीठात शिकवणाऱ्या, शांत, गोड आवाजाच्या. नवी आवृत्ती कधी गोठणार, म्हणजे तिच्यात नवं काही घालणं कधी बंद होणार, हे सगळं त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, "बैठकीची टिपणं कोण घेईल?" सगळे आपापल्या कीबोर्डकडे बघायला लागले. मी हात वर केला. तिथली रीत अशी की जो हात वर करतो, ते काम जन्मभर त्याचं. पुढच्या महिन्यात न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या लोकांच्या सोयीसाठी एक गट निघाला आणि मी त्याचा प्रमुख झालो. गटात मी होतो आणि आणखी एक जण होता जो कधी आलाच नाही. पण प्रमुख तो प्रमुख. ऑफिसात सह्या करताना माझी मान आपोआप ताठ राहायला लागली.

एका बैठकीत कोणीतरी विचारलं, "ज्यांच्यासाठी हे करतोय त्या अंध लोकांचं मत घेतलंय का?" मी सविस्तर उत्तर दिलं. अंध व्यक्तींना नेमकं काय वाटतं, त्यांची अपेक्षा काय असते, त्यांच्या मनाची घालमेल कशी होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. चित्र धूसर होतं.

बैठक संपल्यावर दारातून आवाज आला, "दादा, माझ्या मनाची घालमेल होते?"

"तू ऐकत होतास?"

"भिंत पातळ आहे. आणि तू मोठ्याने प्रमुख होतोस." तो हसला. "मला विचारायचंस तरी."

"तुला काय विचारायचं? तू घरातलाच आहेस."

"तेही खरं," धाकटा म्हणाला. "गोठणार कधी आवृत्ती?" हा एकच प्रश्न तो रोज विचारायचा, आणि रोज मी त्याला कालच्या बैठकीत काय झालं ते सांगायचो.

प्रस्तावाला खरा विरोध एकाचाच होता. तो स्वतःच्या फोटोऐवजी वटवाघळाचं चित्र लावायचा, म्हणून आमच्या घरात तो वटवाघूळ. माझं प्रत्येक वाक्य उलटं टांगून बघायची त्याला सवय होती. पंधरवडाभर त्याने मला पिळून काढलं. मग अचानक त्याचं मन वळलं. म्हणाला, 'मी तुमचा बदल संपूर्ण वाचला. चांगला आहे. प्रस्तावाची भाषा जरा विस्कळीत आहे. मी नीट लिहून देऊ का?' मी म्हटलं, द्या. मनात म्हटलं, आला ना वठणीवर. त्याच्यामुळे बाकीचेही शांत झाले. नाव ठरलं 'सलग', जे कोणालाच आवडलं नाही, आणि म्हणूनच कोणाची तक्रार उरली नाही.

आता राहिला शांततेचा आठवडा. तिथला हा नियम नीट सांगतो. सगळं ठरलं की प्रस्ताव आठवडाभर नुसता ठेवतात. त्या आठवड्यात कोणी रीतसर हरकत घेतली नाही, तर तो आवृत्तीत आपोआप जातो. बोलायचं काही नाही, मत द्यायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. साधा शेरा कोणीही मारावा, त्याने काही अडत नाही. पण रीतसर हरकत असा वेगळा पर्याय आहे. ती निवडली की प्रस्तावावर लाल पट्टी येते आणि शांततेचा आठवडा पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आमचा आठवडा संपत होता शनिवारी आणि आवृत्ती गोठत होती सोमवारी. धाकट्याने साहेबांना तसं सांगूनही टाकलं. त्या रात्रीच्या जेवणाला तो स्वतःहून वाढून घेत होता आणि बायकोला म्हणत होता, "वहिनी, पहिल्या पगारात तुला काय आणू ते सांग. दादाला काही नाही. दादा फुकट काम करतो."

मला फक्त गप्प बसायचं होतं. माणसाला याहून सोपं काम देता येत नाही.

गुरुवारी ऑफिसातून आलो आणि आपला प्रस्ताव छान दिसतो म्हणून उगाच उघडून बसलो. वटवाघळाने पान देखणं केलं होतं. वर शीर्षक, खाली सार, आणि मध्ये लेखकांची नावं. पहिलं नाव वटवाघळाचं. त्याखाली माझं. आणि माझ्या नावापुढे बारीक अक्षरात, 'साहाय्य'.

तळपायाची आग मस्तकात गेली. साहाय्य? अहो, रविवार माझा, दुपार माझी, भाऊ माझा! आस्थापनावाल्याच्या दारात चपला मी झिजवल्या. आणि साहाय्य मी केलं?

बायको नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पाय गरम पाण्यात टाकून बसली होती. तिने वाचलं आणि म्हणाली, "नाव कुठे का असेना. सोमवार होऊ दे, मग भांडा."

हेच हेडक्लार्कांना दाखवलं. ते उभेच होते, ते खाली बसले. "सोमवारनंतर?" ते म्हणाले. "एकदा छापून गेलं की संपलं! मी नोकरीभर हेच बघितलंय. खाली गेलेलं नाव वर येत नाही. लगेच लेखी हरकत नोंदवा. मागे घ्यायची असली तर उद्या घेता येते, पण आज नोंद पाहिजे."

'मागे घेता येते' हे मला पटलं. साधा शेरा मारला असता तर कोणी बघितलाही नसता. इतके महिने मीच दुसऱ्यांचे शेरे न बघता पुढे जात होतो. मी आत जाऊन दार लावलं आणि रीतसर हरकत लिहायला बसलो. तुम्हाला सांगतो, मी जन्मात इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही. श्रेय म्हणजे काय, स्वयंसेवकाचं एकमेव वेतन म्हणजे त्याचं नाव, जिथे नावं वरखाली होतात तिथे उद्या विश्वास कसा राहणार, असं सगळं. हेडक्लार्कांनी बाहेरून सुचवलेलं 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' तेवढं गाळलं. मग बटण दाबलं. प्रस्तावावर लाल पट्टी चढली आणि मला फार बरं वाटलं.

वटवाघळाचं उत्तर तासाभरात आलं. त्याने माफी मागितली होती. वास्तविक त्याने मागायला नको होती. नावं तो लावत नव्हता. यंत्र लावत होतं, अक्षरांच्या क्रमाने. माझं अक्षर त्याच्या अक्षरानंतर येतं म्हणून मी खाली. आणि 'साहाय्य' असं लिहून यायचं कारण एवढंच की आपण या प्रस्तावाचे कोण, ही जागा मी भरलीच नव्हती. रिकामी जागा दिसली की यंत्र 'साहाय्य' टाकतं. त्याने लिहिलं होतं, 'प्रस्ताव संपूर्णपणे तुमचाच आहे. मी माझं नाव काढून टाकलं आहे. अडचण मांडताना तुम्ही भावाबद्दल लिहिलं होतं ते मला आठवतं. कृपया हरकत लगेच मागे घ्या.'

मी लगेच मागे घेतली. अगदी त्याच मिनिटाला. लाल पट्टी मात्र गेली नाही. तिच्यात नुसते दोन शब्द वाढले, 'मागे घेतलेली'.

सकाळी मॅडमना निरोप टाकला. लांबलचक लिहिलं. भावाची नोकरी, साहेबांचा शब्द, सोमवार, सगळं. पहिल्यांदाच खरं खरं लिहिलं आणि नेमकं तेच विस्कळीत झालं. त्यांचं उत्तर आलं ते मी अजून पाठ म्हणून दाखवू शकतो. 'तुमची वेदना मी समजू शकते. नियम असा आहे की हरकत घेतली गेली की आठवडा पुन्हा सुरू होतो; ती मागे घेतली तर काय, याबद्दल नियमात काही नाही. आज तुमच्या भावासाठी अपवाद केला तर उद्या ज्यांना भाऊ नाही त्यांच्यावर अन्याय होईल. पुढच्या आवृत्तीत तुमचा बदल नक्की असेल. तुमच्या मताचा पूर्ण आदर राखून.' खाली एक हृदय.

कोणी शिवी दिली असती तर मला रडता तरी आलं असतं. त्या निरोपाखाली जगभरातल्या माणसांनी उतरलेल्या तोंडाची चित्रं लावली. बाणांचा लळा असलेल्या त्या गृहस्थानेसुद्धा लावलं. सगळ्यांना वाईट वाटत होतं आणि कोणीही काही करणार नव्हतं. सोमवारी आवृत्ती गोठली. बैठकीची टिपणं मीच घेतली.

हेडक्लार्क संध्याकाळी आले. ऐकून गंभीर झाले आणि म्हणाले, "पण नोंद झाली, हे महत्त्वाचं." त्या दिवशी बायकोने त्यांना चहा विचारला नाही.

धाकट्याला मी काही सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालू होती. तांत्रिक अडचण म्हणावं, आवृत्तीच लांबली म्हणावं. आठवड्याने तो दुपारीच घरी आला. पिशवी भिंतीशी ठेवली, काठी दाराच्या मागे टेकवली. साहेबांनी वाट बघितली होती, पण साहेबांच्या साहेबांनी बघितली नाही. पलीकडच्या टेबलावरच्या गड्याला पक्कं केलं होतं.

"हे बघ," मी सुरुवात केली, "यात काय झालं, की त्यांचा एक नियम असतो..."

"मला माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"सगळं. मी पहिल्या दिवसापासून त्या चर्चेत नाव घालून ठेवलंय. कोणी काही लिहिलं की बाई मला वाचून दाखवते. तुझी हरकत मी बसमध्ये ऐकली."

तो पाणी प्यायला, मग त्याने भांडं चाचपून जागेवर ठेवलं.

"चांगली लिहिली होतीस," तो म्हणाला. "वेतनाचं ते वाक्य तर फारच. बाई कधी अडखळत नाही, पण तुझं वाक्य इतकं लांब होतं की मध्ये तिनेही श्वास घेतल्यासारखं केलं."

"अरे, पण मग मला फोन का नाही केलास? मी थांबलो नसतो का?"

"लिहून झाल्यावर ऐकलं ना. लिहायच्या आधी बाईला कसं कळणार?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "तू त्या खोलीत बसला होतास, दादा. दहा पावलांवर माझी खोली आहे. घरी यायला मला किती वेळ लागतो? अर्धा तास थांबून 'अरे, माझं नाव खाली गेलंय, काय करू?' एवढं मला विचारता आलं नसतं तुला? मी म्हटलं असतं, जाऊ दे ना!"

बायको आतल्या दारात उभी होती. पदराने हात पुसत राहिली. मी म्हणालो की तत्त्वाचा प्रश्न होता. म्हणालो आणि माझा मलाच राग आला, पण तोंडातून तेच निघालं.

बायकोने दुसऱ्याच दिवशी तिच्या दवाखान्यात मेट्रनच्या कानावर घातलं आणि धाकट्याला तिथे फोन घ्यायचं काम मिळालं. 'अमुक विभाग? जोडून देतो.' दिवसभर तेवढंच. लोक म्हणतात त्याचा आवाज फार धीर देणारा आहे.

पुढची आवृत्ती यथावकाश आली. माझा खटका तिच्यात आहे. लेखकाच्या जागी एकच नाव, माझं. वटवाघळाने स्वतःचं शेवटपर्यंत परत लावलं नाही. कुठल्या कुठल्या देशांतून मला पत्रं आली. एका अंध शिक्षिकेने लिहिलं की आता वर्गात तिला कोणाची मदत घ्यावी लागत नाही. मॅडमनी बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि नियम सुधारण्यासाठी निघालेल्या समितीवर मला घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून मी मान लववली.

रविवारी धाकट्याच्या कॉम्प्युटरवर ती आवृत्ती चढवून दिली. तो खुर्ची ओढून बसला. जुना पत्त्यांचा प्रोग्रॅम त्याने काढला, एका ओळीतला एक शब्द मुद्दाम मोडला आणि कानातली तार काढून ठेवली, म्हणजे मलाही ऐकू यावं. बाई म्हणाली, 'सातव्या ओळीत "गाव" या शब्दापाशी चूक आहे. हा शब्द आधी कुठे आलेला नाही.' एका दमात, स्वच्छ. त्याने आणखी एक शब्द मोडला. मग आणखी एक. बाई प्रत्येक वेळी सांगत राहिली आणि तो मान हलवत ऐकत राहिला.

"छान झालंय रे दादा," तो म्हणाला. "अगदी हवं तसं. आता चुका करायला कुठेतरी नोकरी मिळाली की झालं."

मी म्हटलं, "माझ्या ओळखीचे आहेत एक-दोन ठिकाणी. मी तुझ्यासाठी शब्द टाकतो."

"टाक," धाकटा कीबोर्डवरून हात न उचलता म्हणाला. "पण तोंडी टाक. लेखी नको."